हिरवट संत्रा आंबटच असतो का? फळाच्या आत ऊन नेमकं काय करतं, समजून घ्या

दिवाळीच्या आसपास चांदूर बाजारहून परतवाड्याकडे किंवा मोर्शीकडे निघालात, की रस्त्याच्या कडेला संत्र्याचे ढीग आणि भरलेले क्रेट दिसायला लागतात. जवळ जाऊन पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. यातली बरीच फळं केशरी नसतात. काही पिवळट असतात, काहींची देठाजवळची बाजू चक्क हिरवी असते.

शहरातलं गिऱ्हाईक असं फळ उचलून बघतं आणि परत ठेवतं. "कच्चा दिसतोय." व्यापारीसुद्धा आधी रंगच बघतो आणि भाव त्यावर ठरवतो. शेतकऱ्याला मात्र माहीत असतं, की फळ आतून तयार आहे.

मग प्रश्न पडतो. वऱ्हाडात उन्हाची काय कमी? मे २०२४ मध्ये अकोल्यात उन्हाचा तडाखा इतका वाढला, की जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं. एवढं ऊन खाऊनही फळाला रंग का चढत नाही? आणि रंग नसेल तर गोडी कुठून येते?

याचं उत्तर एका साध्या गोष्टीत आहे. आपण ज्याला 'ऊन' म्हणतो, त्या खरं तर दोन गोष्टी आहेत: उजेड आणि उष्णता. फळावर या दोघांचा परिणाम वेगवेगळा होतो, कधी कधी तर अगदी उलटा.

आधी चांदूर बाजारचं गणित

चांदूर बाजार म्हणजे चांदूर रेल्वे नाही. दोन्ही तालुके अमरावती जिल्ह्यातच आहेत, त्यामुळे बाहेरच्यांचा नेहमी गोंधळ होतो. चांदूर बाजार तालुका सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात येतो. विश्रोळीचं पूर्णा धरण याच तालुक्यात आहे. शिरजगाव कसबा, ब्राह्मणवाडा थडी, करजगाव या भागात संत्र्याच्या बागा आहेत.

संत्रा ओळखला जातो तो नागपूरच्या नावानं. 'नागपुरी संत्रा' या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण लागवडीत अमरावती जिल्हा आघाडीवर आहे. वरुड, मोर्शी, अचलपूर आणि चांदूर बाजार हे त्यातले महत्त्वाचे तालुके.

इथे संत्र्याचे मुख्य दोन बहार घेतले जातात.

- आंबिया बहार: जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येतं. म्हणजे लहान फळाला पूर्ण उन्हाळा सोसावा लागतो. त्यासाठी विहिरीला किंवा बोअरला पाणी हवं.
- मृग बहार: फुलं पावसाच्या सुरुवातीला, जून-जुलैमध्ये येतात. फळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान निघतं. हे फळ हिवाळ्यात पिकतं.

झाड तेच, माती तीच, शेतकरीही तोच. तरी आंबियाचा संत्रा थोडा आंबटसर आणि रंगाला फिका असतो, तर मृगाचा गोड आणि केशरी. फरक आहे तो पिकण्याच्या दिवसांतल्या हवेचा.

साखर फळात बनत नाही, पानात बनते

पहिला गैरसमज इथेच दूर करू. 'फळाला ऊन लागलं की ते गोड होतं' हे अर्धंच खरं आहे. साखर बनवण्याचा मुख्य कारखाना आहे पान. पान उजेड, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरून साखर तयार करतं. ही साखर फांदीतून फळापर्यंत पोचते आणि रसाच्या पिशव्यांमध्ये साठते. लहानपणी हिरवी सालही थोडंफार हे काम करते, पण भार सगळा पानांवर असतो.

म्हणूनच बागायतदार फळापेक्षा पानांना जास्त जपतो. काळी माशीचं उदाहरण घ्या. ही कीड पानातला रस शोषते आणि चिकट गोड द्रव सोडते. त्या द्रवावर काळी बुरशी वाढते. गावात याला 'कोळशी' म्हणतात, कारण पानं कोळशाची पूड टाकल्यासारखी दिसतात. या काळ्या थरामुळे पानाला उजेडच मिळत नाही. वर लख्ख ऊन पडलेलं असतं आणि पान मात्र अंधारात असतं. साखर कमी तयार होते आणि फळं बेचव राहतात.

मग जास्त ऊन म्हणजे जास्त साखर का?

नाही. लिंबूवर्गीय झाडांची एक खोड आहे. त्यांच्या पानाला भर दुपारचा सगळा उजेड वापरताच येत नाही. पूर्ण उन्हाच्या साधारण एक तृतीयांश उजेड मिळाला, की एका पानाची क्षमता भरते. त्यापुढचा उजेड त्या पानाला उपयोगाचा नसतो.

त्यात उष्णतेची भर पडते. संत्र्याचं पान २५ ते ३० अंश तापमानाला उत्तम काम करतं. नवतपा सुरू झाला, पारा ४५च्या घरात गेला आणि हवा कोरडी पडली, की पान स्वतःचा जीव वाचवायला लागतं. पानावरची बारीक छिद्रं मिटतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. पण त्याच छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येत असतो. तोच बंद झाला की साखर बनणंही थांबतं.

म्हणजे मे महिन्यात दुपारी, जेव्हा आपल्याला सगळ्यात जास्त ऊन दिसतं, तेव्हा संत्र्याचं झाड जवळपास सुट्टीवर असतं. त्याचं खरं काम सकाळच्या कोवळ्या उन्हात होऊन गेलेलं असतं.

झाडाच्या आतल्या बाजूच्या पानांचा प्रश्न नेमका उलटा आहे. तिथे उजेड पोचतच नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये साइट्स आणि राइट्झ या संशोधकांनी एकाच झाडाच्या वेगवेगळ्या भागांतली व्हॅलेन्शिया संत्री तपासली होती. त्यांचे निष्कर्ष १९४९ ते १९५१ दरम्यान प्रसिद्ध झाले. झाडाच्या वरच्या आणि बाहेरच्या बाजूच्या फळांत साखर आणि क जीवनसत्त्व जास्त निघालं, आतल्या सावलीतल्या फळांत कमी. म्हणजे एकाच झाडावरचे दोन संत्रेसुद्धा सारखे नसतात.

गोडी फक्त साखरेवर ठरत नाही

आता जिभेचा विषय. फळ गोड लागतं की आंबट, हे साखर आणि आम्ल यांच्या प्रमाणावर ठरतं. संत्र्यातलं मुख्य आम्ल म्हणजे सायट्रिक आम्ल.

रसात विरघळलेले घटक 'ब्रिक्स' या मापात मोजतात. १० ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे १० ग्रॅम विरघळलेले पदार्थ, त्यात बहुतेक साखरच. समजा दोन फळं आहेत आणि दोन्हींचा ब्रिक्स १० आहे.

- पहिल्यात आम्ल १ टक्का. प्रमाण १० ÷ १ = १०. फळ आंबट लागेल.
- दुसऱ्यात आम्ल ०.७ टक्के. प्रमाण १० ÷ ०.७ = १४च्या थोडं वर. फळ छान गोड लागेल.

साखर दोन्हींत सारखीच आहे, तरी चव वेगळी. म्हणून फळ तयार झालं की नाही हे ठरवताना नुसता रंग किंवा नुसती साखर बघून चालत नाही.

आम्ल कमी कसं होतं? फळ झाडावर असताना श्वास घेतं, तेव्हा त्याच्या पेशी हे आम्ल वापरतात. हवा उष्ण असेल तर हे काम भराभर होतं, थंडीत सावकाश. शिवाय फळ मोठं होताना रस वाढतो आणि आम्ल पातळ होतं. म्हणूनच उष्ण प्रदेशातल्या संत्र्यांत आम्ल कमी असतं, तर भूमध्य समुद्राकाठच्या थंड हिवाळ्यातल्या फळांना आंबटपणाची धार जास्त असते.

रंग मात्र थंडीच आणते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हिरवा रंग असतो सालीतल्या हरितद्रव्याचा. केशरी रंग येतो कॅरोटिनॉइड गटातल्या रंगद्रव्यांमुळे. गाजर आणि आंब्याला रंग देणारी द्रव्यंही याच गटातली.

साल केशरी व्हायची तर दोन गोष्टी घडाव्या लागतात. हरितद्रव्य मोडलं पाहिजे आणि केशरी द्रव्यं वाढली पाहिजेत. संत्र्यात या दोन्ही गोष्टींची घंटा वाजवते ती थंडी. रात्रीचं तापमान साधारण १५ अंशांच्या खाली उतरायला लागलं, की सालीचा रंग पालटायला सुरुवात होते. दिवसा चांगला उजेड आणि रात्री थंडी ही रंगासाठी सगळ्यात उत्तम जोडी.

आता हे चांदूर बाजारला लावून बघा. ऑक्टोबरमध्ये आंबियाचं फळ आतून तयार होत आलेलं असतं, पण रात्री अजून उबदार असतात. सालीपर्यंत थंडीचा निरोप पोचलेलाच नसतो. म्हणून आत रस गोड, बाहेर साल हिरवट. मृगाचं फळ डिसेंबर-जानेवारीची कडाक्याची थंडी खातं, म्हणून ते केशरी होऊन बाजारात येतं.

जगाच्या अनेक उष्ण प्रदेशांत तर संत्रा पूर्ण पिकल्यावरही हिरवाच असतो आणि लोक तो तसाच आवडीनं खातात. 'संत्रा म्हणजे केशरी' हा नियम थंड हिवाळ्याच्या मुलखातून आलेला आहे.

उजेड वेगळा, उष्णता वेगळी: हे सिद्ध कसं झालं?

इथे एक अडचण आहे. बागेत उजेड आणि उष्णता नेहमी सोबतच येतात. फळावर ऊन पडलं की उजेडही वाढतो आणि फळ तापतंही. मग कोणता परिणाम कशाचा, हे ओळखायचं कसं?

याचं सुंदर उत्तर मिळालं ते वाइनच्या द्राक्षांवर. वाइन बनवणाऱ्यांना साखर, आम्ल, रंग आणि वास या सगळ्यांचा हिशेब लागतो. त्यामुळे उन्हाचा सगळ्यात बारीक अभ्यास याच फळावर झालाय.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्पेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्लो जातीच्या द्राक्षांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. उन्हातल्या काही घडांवर त्यांनी थंड हवा सोडली, म्हणजे उजेड पूर्ण पण उष्णता कमी. सावलीतल्या काही घडांना गरम हवा दिली, म्हणजे उजेड कमी पण उष्णता उन्हातल्या घडांएवढी. दोन्ही गोष्टी अशा वेगळ्या झाल्या.

काय दिसलं? उन्हातले घड थंड ठेवले तर सालीतला लाल-जांभळा रंग वाढला. सावलीतले घड तापवले तर रंग कमी झाला. म्हणजे रंगाला उजेड हवा, पण उष्णता नको. सालीत आणखी एका गटाची द्रव्यं असतात, त्यांना फ्लेव्हनॉल म्हणतात. ती मात्र उजेडावर, खास करून अतिनील किरणांवर अवलंबून निघाली. ही द्रव्यं म्हणजे द्राक्षानं स्वतःसाठी बनवलेलं सनस्क्रीनच म्हणा ना.

द्राक्षाच्या आम्लाचंही असंच आहे. त्यात टार्टारिक आणि मॅलिक अशी दोन मुख्य आम्लं असतात. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं. मॅलिक मात्र उष्णतेत भराभर खर्च होतं. ते फार कमी झालं की वाइन सपक लागते. कॅबरने सॉव्हिन्यों किंवा सॉव्हिन्यों ब्लाँ या जातींत हिरव्या ढोबळी मिरचीसारखा एक वास असतो. घडावर उजेड पडला की तो कमी होतो. म्हणजे घड पूर्ण सावलीत ठेवूनही चालत नाही.

नाशिकनं ऋतूच बदलून घेतला

हे सगळं महाराष्ट्रात कसं जमवलं जातं, ते बघायचं तर नाशिकला जावं लागेल. युरोपात द्राक्षं उन्हाळाभर पिकतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान तोडली जातात. आपल्याकडे तेच वेळापत्रक ठेवलं तर फळ पावसात सापडेल.

म्हणून आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यातली 'खरड छाटणी' वेलीची काडी तयार करण्यासाठी आणि पावसाळा सरतानाची 'गोडी छाटणी' फळासाठी. नावातच गोडी आहे. या छाटणीमुळे फळ पिकतं ते हिवाळ्यात आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री थंडी. उजेड मिळतो, उष्णता टळते.

आता मृग बहार आठवा. वऱ्हाडातल्या संत्र्याचं नाशिकच्या द्राक्षाशी नातं जुळतं ते इथे. दोघंही हिवाळ्यात पिकतात, तेव्हा उत्तम पिकतात.

ऊन फळाला भाजतं तेव्हा

उन्हात लटकलेलं फळ आसपासच्या हवेपेक्षा खूप जास्त तापतं. द्राक्षांच्या त्याच प्रयोगात उन्हातल्या मण्यांचं तापमान हवेपेक्षा १० अंशांहून जास्त वाढलेलं आढळलं. हवेत ४४-४५ अंश असताना संत्र्याच्या सालीचं काय होत असेल, कल्पना करा.

म्हणून बागेत काही फळांच्या एका बाजूला पिवळट-तपकिरी, कडक चट्टा दिसतो. तो बहुतेक वेळा पश्चिमेकडच्या किंवा दक्षिणेकडच्या अंगाला असतो, कारण दुपारचं ऊन तिथूनच येतं. असं फळ सोललं, की त्या बाजूच्या फोडी कोरड्या निघतात. खाणाऱ्याच्या हातात चोथा येतो आणि बागायतदाराचं फळ मोजणीतून बाद होतं.

पाणी नसेल तर हानी फळापुरती थांबत नाही. २०१९च्या उन्हाळ्यात वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याची झाडंच्या झाडं वाळली. नवीन झाडाला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. एक उन्हाळा असा अनेक वर्षांचं उत्पन्न घेऊन जातो.

उजेड अजिबात नसला तरी पंचाईत आहेच. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस आभाळ भरलेलं राहिलं, की पानांत साखर कमी बनते. तेव्हा झाड सगळी फळं पोसू शकत नाही आणि काही सोडून देतं. त्यात मुळांशी पाणी साचलं, बुरशी आली, रस शोषणारा पतंग लागला, की झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडतो. आंबिया बहाराच्या फळगळीची दरवर्षीची बातमी ती हीच.

बागायतदार काय करू शकतो?

उद्देश एकच: उजेड पानापर्यंत पोचवायचा आणि उष्णता फळापासून दूर ठेवायची.

- सल काढणं: तोडणीनंतर वाळलेल्या फांद्या म्हणजे 'सल' आणि सरळ वर जाणारे पाणसोट कापतात. त्यामुळे झाडाच्या आत उजेड आणि हवा खेळते.
- पश्चिमेची सावली राखणं: बाहेरच्या फांद्या सरसकट छाटल्या तर फळं उघडी पडून भाजतात. वाइनच्या द्राक्षांतही अनेक ठिकाणी पूर्वेकडची पानं काढतात, म्हणजे सकाळचं ऊन घडाला मिळतं. पश्चिमेकडची पानं मात्र ठेवतात.
- केओलिनची फवारणी: ही पांढरी, बारीक माती असते. तिचा पातळ थर ऊन परत फेकतो आणि पान-फळ कमी तापतं.
- खोडाला बोर्डो मलम: याचा मुख्य उपयोग बुरशीपासून बचाव हा आहे. चुन्यामुळे खोड उन्हापासूनही वाचतं.
- ठिबक आणि आच्छादन: मुळांशी ओल टिकली तर पानाची छिद्रं जास्त वेळ उघडी राहतात, म्हणजे साखरेचा कारखाना जास्त वेळ चालतो.

बाग किती जुनी, जमीन कशी, पाणी किती यावर यातलं काय आणि किती करायचं ते ठरतं. त्यासाठी अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि जवळचं कृषी विज्ञान केंद्र सल्ला देतात.

आणि आपण, खाणारे?

संत्रा हा केळी किंवा आंब्यासारखा नाही. तो तोडल्यानंतर पिकत नाही. झाडावरून उतरला त्या दिवशी जेवढी साखर होती, त्यात पुढे वाढ होत नाही. घरी आणून पेंढ्यात घातला तरी तो गोड होणार नाही.

बाजारात मग तो केशरी कसा दिसतो? काही ठिकाणी हिरवट फळं एथिलीन वायूच्या खोलीत ठेवतात. एथिलीन सालीतलं हरितद्रव्य मोडतो आणि पिवळा-केशरी रंग उघडा पडतो. ठरलेल्या मर्यादेत ही पद्धत भारतात कायदेशीर आहे. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळ पिकवण्यावर मात्र बंदी आहे. पण एक लक्षात ठेवा: एथिलीनमुळे फक्त साल बदलते, रस तसाच राहतो. आंबट फळ केशरी झालं तरी आंबटच राहणार.

म्हणून संत्रा घेताना रंगापेक्षा वजन बघा. आकाराच्या मानानं जड फळ रसाळ असतं. साल फुगून पोकळ झाली असेल, तर फळ जास्त पिकून आत कोरडं पडत आलेलं असू शकतं. एका बाजूला कडक चट्टा असेल तर ते उन्हानं भाजलेलं आहे. आणि शक्य असेल तर एक फोड खाऊन बघा. त्याहून चांगली परीक्षा नाही.

थोडक्यात

- पानावरचा उजेड साखर बनवतो, पण एका मर्यादेपर्यंतच.
- उष्णता आम्ल कमी करते आणि अती झाली की फळ भाजते.
- संत्र्याला केशरी रंग देते ती रात्रीची थंडी.
- त्यामुळे ऑक्टोबरचा हिरवट संत्रा आतून तयार असू शकतो आणि केशरी दिसणारा आंबट निघू शकतो.

रात्री उबदार राहायला लागल्या, थंडी उशिरा यायला लागली, तर आंबियाच्या फळाला रंग आणखी उशिरा चढेल. गिऱ्हाईक रंगच बघत राहिलं तर चांदूर बाजारच्या शेतकऱ्यासमोर दोनच रस्ते उरतात: थांबून फळगळीचा धोका पत्करायचा, नाहीतर कमी भावात माल द्यायचा. पुढच्या दिवाळीत हातगाडीवर हिरवट संत्रा दिसला, तर परत ठेवण्याआधी एक फोड नक्की चाखून बघा.